दीर्घ दमाची शर्यत

मोटारींची शर्यत म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर वेग उभा राहतो. जो सर्वांत वेगाने जाईल तो जिंकेल, अशी साधी समजूत त्यामागे असते. परंतु मोटार-शर्यतींच्या जगात असाही एक प्रकार आहे, की ज्यात केवळ वेगाच्या बळावर विजय मिळत नाही. फ्रान्समधील ल माँ या शहराजवळ 1923 पासून होत आलेली चोवीस तासांची शर्यत ही या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध शर्यत होय. शनिवारी दुपारी सुरू झालेली ही शर्यत रविवारी दुपारी संपते. एकच मोटार तीन चालक पाळीपाळीने चालवतात. चोवीस तासांत जी मोटार सर्वाधिक अंतर कापते, ती विजयी ठरते. तिथे वेगाइतकेच महत्त्व संयमाला, मोटार सांभाळण्याला आणि सोबत्यांवरील विश्वासाला असते. अशा शर्यतींना 'दीर्घ दमाच्या शर्यती' म्हणणेच योग्य ठरेल.

2021 साली ही शर्यत जिंकणाऱ्या तिघांपैकी एक होते अर्जेंटिनाचे होसे मारिया लोपेझ. त्यांचा प्रवास लहानशा कार्टपासून सुरू झाला. मात्र ही वाट सरळ नव्हती. ज्या दारापर्यंत पोहोचण्यासाठी त्यांनी तारुण्यातील उमेदीची वर्षे वेचली, ते दार त्यांच्यासाठी एकदा नव्हे, दोनदा बंद झाले. त्यानंतर त्यांनी काय केले, हे समजून घेण्यासारखे आहे.

दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिना हा देश फुटबॉलसाठी जगभर ओळखला जातो. परंतु या देशाला मोटार-शर्यतींचीही मोठी परंपरा आहे. हुआन मानुएल फान्जिओ यांनी 1951 ते 1957 या काळात फॉर्म्युला वन शर्यतींचे जागतिक अजिंक्यपद पाच वेळा मिळवले. त्यांचेच समकालीन होसे फ्रोइलान गोन्झालेस यांनी 1954 साली मॉरिस त्रँतिन्यां या फ्रेंच चालकाच्या साथीने ल माँची शर्यत जिंकली होती. अशा देशात, कोर्दोबा प्रांतातील रिओ तेर्सेरो या गावी, 26 एप्रिल 1983 रोजी लोपेझ यांचा जन्म झाला. त्यांचे चाहते त्यांना 'पेचितो' या लाडक्या नावाने ओळखतात.

शर्यतीचे पहिले धडे त्यांनी कार्टमध्ये गिरवले. कार्ट म्हणजे पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर बसवलेली, छत नसलेली छोटी चारचाकी. आपल्याकडेही काही शहरांत हौसेखातर 'गो-कार्ट' चालवतात, ते याच जातीचे वाहन. दिसायला ते खेळण्यासारखे वाटते. पण शर्यतीच्या चालकाची खरी शाळा तेच असते. कार्टला धक्के शोषून घेणाऱ्या स्प्रिंगा नसतात. चालक जमिनीपासून अगदी थोड्या उंचीवर बसलेला असतो. त्यामुळे रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा, टायरची प्रत्येक घसरण त्याच्या अंगाला थेट जाणवते. शिवाय कार्टची मागची दोन्ही चाके एकाच आसावर पक्की बसवलेली असतात. साध्या मोटारीत वळणावर बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा जास्त वेगाने फिरू शकते. कार्टमध्ये तशी सोय नसते. म्हणून वळण घेताना आतले मागचे चाक क्षणभर उचलले जावे, अशा रीतीने चालकाला कार्ट वळवावे लागते. सुकाणूचक्र किती फिरवावे, ब्रेक कधी दाबावा आणि कधी सोडावा, याची जाण मुलांच्या हातापायांत अशी लहानपणीच मुरते.

कार्टनंतरची पायरी म्हणजे एका आसनाच्या, उघड्या चाकांच्या 'फॉर्म्युला' मोटारी. या मोटारींच्या शर्यतींची एक उतरंड आहे. तळाच्या गटात कमी ताकदीच्या मोटारी असतात, तर सर्वांत वर फॉर्म्युला वन. यांपैकी बहुतेक महत्त्वाच्या शर्यती युरोपात होत असल्यामुळे अर्जेंटिनाच्या मुलाला घर, भाषा आणि देश सोडून तिथे जावे लागते. लोपेझही गेले. 2002 साली त्यांनी इटलीतील फॉर्म्युला रेनॉ मालिकेचे विजेतेपद पटकावले, तर 2003 साली अधिक ताकदीच्या मोटारींच्या फॉर्म्युला रेनॉ व्ही-6 या युरोपीय मालिकेतही ते अव्वल ठरले. रेनॉ या फ्रेंच कंपनीने होतकरू चालकांसाठी आखलेल्या योजनेत त्यांचा समावेश झाला. वयाच्या विशीत असलेला हा तरुण लवकरच फॉर्म्युला वनमध्ये दिसेल, असे वाटू लागले.

पण उतरंडीच्या वरच्या टोकाला जागा फार थोड्या असतात. 2005 आणि 2006 या वर्षांत लोपेझ जीपी-2 या मालिकेत उतरले. फॉर्म्युला वनच्या उंबरठ्यावरची ही मालिका. 2005 मध्ये तिथे निको रोझबर्ग विजेते ठरले, तर 2006 मध्ये लुइस हॅमिल्टन. दोघेही लगेच पुढच्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये गेले आणि पुढे जगज्जेते झाले. लोपेझ यांना मात्र या मालिकेत वरचे स्थान मिळवता आले नाही. फॉर्म्युला वनचे दार त्यांच्यासाठी उघडले नाही आणि वयाच्या तेविसाव्या वर्षी त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला, की आता पुढे काय?

ते मायदेशी परतले. काहींच्या दृष्टीने ही माघार होती. अर्जेंटिनात टीसी 2000 नावाची लोकप्रिय मालिका होती. तीत धावणाऱ्या मोटारी बाहेरून रस्त्यावरच्या नेहमीच्या मोटारींसारख्या दिसत. आतून मात्र त्या शर्यतीसाठी सज्ज केलेल्या असत. अशा 'टूरिंग' मोटारी चालवण्याचे तंत्र वेगळे असते. त्या जड असतात, एकमेकींना घासून, प्रसंगी धक्का देऊन पुढे जातात. युरोपात शिकलेले बरेचसे विसरून लोपेझ यांना नव्याने शिकावे लागले. ते शिकले आणि 2008 व 2009 अशी सलग दोन वर्षे त्यांनी ही मालिका जिंकली.

आणि मग बंद झालेले दार पुन्हा किलकिले झाले. 2010 सालच्या फॉर्म्युला वन हंगामासाठी अमेरिकेत 'यूएस एफ-1' हा नवा संघ उभा राहत होता. जानेवारी 2010 मध्ये या संघाने लोपेझ यांची चालक म्हणून निवड जाहीर केली. अर्जेंटिनात आनंदाची लाट उसळली. परंतु फॉर्म्युला वनमध्ये प्रत्येक संघाला आपल्या मोटारीचा सांगाडा स्वतः तयार करावा लागतो आणि त्यासाठी अफाट पैसा व वेळ लागतो. या संघाची मोटार वेळेत तयारच झाली नाही. मार्चमध्ये हंगाम सुरू झाला, तेव्हा तो संघ शर्यतीत नव्हता. लोपेझ यांचा यात काहीच दोष नव्हता. पण स्वप्न पुन्हा एकदा भंगले होते.

लोपेझ पुन्हा टूरिंग मोटारींकडे वळले. 2012 साली त्यांनी 'सुपर टीसी 2000' ही मालिका जिंकली. पुढच्या वर्षी टूरिंग मोटारींच्या जागतिक अजिंक्यपद मालिकेची एक फेरी अर्जेंटिनातील तेर्मास दे रिओ ओन्दो येथे झाली. तिथे पाहुणे चालक म्हणून उतरलेल्या लोपेझ यांनी जगातील नामवंत चालकांना मागे टाकून एक शर्यत जिंकली. या विजयाने जगाचे लक्ष त्यांच्याकडे वळले. 2014 पासून सित्रोएन या फ्रेंच कंपनीच्या संघातून ते या जागतिक मालिकेत धावू लागले. या मालिकेत यशस्वी मोटारींवर जादा वजन लादण्याचा नियम होता, जेणेकरून इतरांनाही संधी मिळावी. तरीही 2014, 2015 आणि 2016 अशी लागोपाठ तीन वर्षे लोपेझ जगज्जेते ठरले. फॉर्म्युला वनच्या वाटेवर न मिळालेले जागतिक अजिंक्यपद त्यांना दुसऱ्याच वाटेवर मिळाले.

2017 साली टोयोटाच्या संघाने त्यांना दीर्घ दमाच्या शर्यतींसाठी बोलावले. इथे त्यांना पुन्हा एकदा विद्यार्थी व्हावे लागले. या मोटारीत पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर अशी दोन्ही साधने असतात. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा विजेच्या रूपाने साठवली जाते आणि वेग घेताना ती पुन्हा वापरली जाते. ल माँच्या मार्गाची एक फेरी 13.626 किलोमीटरची असते आणि त्यातील काही भाग एरवी सर्वसामान्यांच्या वाहतुकीचा रस्ता असतो. साठ-एक मोटारी एकाच वेळी धावत असतात. त्यांत अतिवेगवान असतात, तशाच तुलनेने संथही असतात. त्यांच्यामधून, अंधारात, धक्का न लागू देता वाट काढणे ही मोठी कसोटी असते. कोणत्याही चालकाला सहा तासांच्या अवधीत चार तासांहून अधिक आणि एकूण चौदा तासांहून अधिक वेळ मोटार चालवता येत नाही. म्हणजे कितीही कुशल चालक असला, तरी सुकाणू दुसऱ्याच्या हाती सोपवल्यावाचून त्याला गत्यंतर नसते.

एकट्याने जिंकण्याची सवय असलेल्या माणसाला हे अवघड जाते. मोटारीची रचना आपल्या एकट्याच्या आवडीची ठेवता येत नाही. तिघांनाही चालेल अशी तडजोड करावी लागते. एकाची चूक तिघांना भोवते. लोपेझ यांची सुरुवातही कठीण झाली. एप्रिल 2017 मध्ये सिल्व्हरस्टोन येथील पहिल्याच शर्यतीत त्यांच्या मोटारीला अपघात झाला आणि पाठीच्या मणक्याला दुखापत झाल्यामुळे त्यांना पुढच्या शर्यतीला मुकावे लागले. त्यातून सावरून, ब्रिटनचे माइक कॉनवे आणि जपानचे कामुई कोबायाशी यांच्यासह ते सात क्रमांकाची मोटार चालवू लागले. 2018 च्या ल माँ शर्यतीत हे त्रिकूट दुसरे आले.

2019 साली विजय अगदी हाताशी आला होता. शर्यतीचा बहुतांश काळ सात क्रमांकाची मोटार आघाडीवर होती. शेवटचा तास उरला असताना लोपेझ सुकाणूवर होते आणि आघाडी भक्कम होती. इतक्यात एका टायरमधील हवा कमी होत असल्याची सूचना यंत्रणेने दिली. मोटार थांबवून ते टायर बदलण्यात आले. परंतु सूचना देणाऱ्या यंत्रणेतच गफलत होती. हवा गेली होती ती दुसऱ्याच टायरमधील. लोपेझ यांना पुन्हा थांबावे लागले. तेवढ्यात त्यांच्याच संघाची आठ क्रमांकाची मोटार पुढे निघून गेली. चोवीस तासांच्या झुंजीनंतर ते सुमारे सतरा सेकंदांनी दुसरे आले. 2020 मध्येही आघाडीवर असताना रात्री मोटारीत बिघाड झाला, दुरुस्तीत सुमारे अर्धा तास गेला आणि तिसऱ्या स्थानावर समाधान मानावे लागले.

21 आणि 22 ऑगस्ट 2021 रोजी हे तिघे पुन्हा त्याच मार्गावर उतरले. या वेळीही संकट आलेच. टोयोटाच्या दोन्ही मोटारींना इंधनपुरवठ्यातील अडथळ्याने ग्रासले. अशा वेळी अधिक वेगाचा हव्यास न धरता, मोटार चालवण्याची पद्धत बदलून तिला शेवटपर्यंत नेणे हेच खरे कौशल्य होते. तिघांनी ते साधले. 371 फेऱ्या पूर्ण करून सात क्रमांकाची मोटार पहिली आली. गोन्झालेस यांच्यानंतर तब्बल 67 वर्षांनी अर्जेंटिनाच्या चालकाने ल माँची शर्यत जिंकली. या त्रिकुटाने दीर्घ दमाच्या शर्यतींचे जागतिक अजिंक्यपदही दोनदा मिळवले. 2019-20 च्या हंगामात आणि पुन्हा 2021 मध्ये.

2024 साली या मोटारीतील लोपेझ यांची जागा दुसऱ्या चालकाला देण्यात आली आणि ते लेक्सस मोटार घेऊन तुलनेने संथ मोटारींच्या गटात धावू लागले. त्याच वर्षी ल माँच्या काही दिवस आधी सायकलवरून पडून कॉनवे जायबंदी झाले. संघाने लोपेझ यांना परत बोलावले. मिळालेली अल्प मुदत, पावसाचा व्यत्यय आणि आपल्या गटात अगदी मागून झालेली सुरुवात, एवढ्या अडचणी असूनही ती मोटार दुसरी आली. विजेत्या फेरारीपासून ती केवळ चौदा सेकंद मागे होती.

दीर्घ दमाच्या शर्यतीत मोटार इंधन घेण्यासाठी थांबते, तेव्हा काही क्षणांत चालकांची अदलाबदल होते. थकलेला चालक बाहेर येतो आणि आत बसणाऱ्या सोबत्याचे पट्टे आवळून द्यायला मदत करतो. त्या घटकेला कोण अधिक वेगवान, हा प्रश्न उरत नाही. मोटार पुढे जात राहिली पाहिजे, एवढेच महत्त्वाचे असते. कार्टमध्ये एकट्याने वेग शिकलेल्या मुलाला हे उमगायला अनेक वर्षे आणि अनेक वळणे लागली. फॉर्म्युला वनचे दार त्यांच्यासाठी कधीच उघडले नाही. परंतु त्या दारापाशी अडून न राहता प्रत्येक वेळी नव्या मोटारीसमोर नवशिका म्हणून उभे राहण्याची तयारी त्यांनी दाखवली. त्यांच्या यशाचे मर्म या तयारीत आहे.