पेंग्विन रेखाटणारा कप्तान

मुखपृष्ठं करणं हे माझं काम. त्यामुळे एडवर्ड यंग हे नाव मला आधी माहीत झालं ते चित्रकार म्हणून. 1935 साली ॲलन लेन यांनी स्वस्त पुस्तकांची मालिका काढायचं ठरवलं, तेव्हा बोधचिन्हासाठी त्यांनी कचेरीतल्या तरुण यंगना लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पाठवलं. पेंग्विन प्रकाशनाचा पहिला पेंग्विन तो. याच माणसाने दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश पाणबुडी चालवली, हे मला फोर्टच्या फुटपाथवर मिळालेल्या ‘वन ऑफ अवर सबमरीन्स’ या त्यांच्या पुस्तकातून कळलं.

यंग पेशाने नौसैनिक नव्हते. युद्ध सुरू झाल्यावर ते स्वयंसेवकांच्या राखीव नौदलात गेले आणि 1940मध्ये पाणबुडी विभागात दाखल झाले. त्या युद्धात ब्रिटनने 70हून अधिक पाणबुड्या गमावल्या. एक पाणबुडी गेली की बहुतेक वेळा सगळी माणसं तिच्याबरोबर जात.

यंग वाचले, तेही नशिबाने. जुलै 1941मध्ये त्यांची कोरी पाणबुडी ‘अम्पायर’ इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याने एका ताफ्याबरोबर उत्तरेकडे निघाली होती. इंजिन बिघडल्याने ती ताफ्याच्या मागे पडली. युद्धामुळे सगळ्याच बोटी दिवे मालवून चालत. नॉरफोकजवळ मध्यरात्री समोरून येणारा आपल्याच बाजूचा सशस्त्र ट्रॉलर तिच्यावर आदळला आणि मिनिटाच्या आत ती तळाला गेली. तिथे पाणी फक्त 18 मीटर होतं आणि पाणबुडीची लांबी 58 मीटर! उभी राहिली असती तर निम्म्याहून जास्त पाण्याबाहेर आली असती.

पण 18 मीटरही पुरेसे असतात. तिथे दाब पृष्ठभागावरच्या जवळजवळ तिप्पट असतो. बाहेरचं पाणी पाणबुडीचं झाकण इतक्या जोराने दाबून धरतं, की आतल्या हवेचा दाब बाहेरच्याइतका होईपर्यंत ते माणसाच्या हाताने उघडत नाही. यंग आणि आणखी तिघे पाणबुडीच्या माथ्यावरच्या अरुंद मनोऱ्यात, म्हणजे कॉनिंग टॉवरमध्ये दाटीने उभे होते. श्वसनाचं साधन कुणाकडेही नव्हतं. वर जाताना छातीतली हवा फुगत जाते, म्हणून श्वास रोखायचा नाही, सोडत राहायचा. रोखला तर फुप्फुस फाटतं. यंग वर आले. त्या रात्री 22 जण गेले.

मला खरं थोर वाटतं ते त्यांचं पुढचं वागणं. ते पुन्हा पाणबुडीतच गेले, आणि 1943मध्ये ‘स्टॉर्म’चे कप्तान झाले. स्वयंसेवकांच्या राखीव नौदलातल्या अधिकाऱ्याच्या हाती लढाऊ पाणबुडी सोपवण्याची ही पहिलीच वेळ.

पाण्याखालून नेम धरणं हे बरंचसं डोळ्याचं काम. दीड किलोमीटरवरून सोडलेला टॉर्पेडो पोचायला मिनिटभर लागतं आणि तेवढ्यात दहा नॉट वेगाचं जहाज तीनशे मीटरहून जास्त पुढे सरकतं. म्हणून नेम धरायचा तो रिकाम्या पाण्यावर. अंतर, वेग आणि जहाज आपल्याकडे किती तिरकं वळलेलं आहे, हे कप्तानाने पेरिस्कोपच्या काही सेकंदांत ठरवायचं. लांबट वस्तू तिरकी झाली की किती आखूड दिसते, ते हाताने रेखाटणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. चित्रकाराची ही नजर यंगना तिथे उपयोगी पडली असणार, असं मला मनापासून वाटतं.

1944मध्ये ‘स्टॉर्म’ श्रीलंकेच्या त्रिंकोमाली बंदरात आली. एप्रिलमध्ये तिने पोर्ट ब्लेअरच्या दक्षिणेला जपानचं एक सुरुंगशोधक जहाज बुडवलं. पोर्ट ब्लेअर म्हटलं की आपल्याला सेल्युलर जेल आठवतो. पण मार्च 1942पासून युद्ध संपेपर्यंत अंदमानची ही बेटं जपानच्या ताब्यात होती, त्याबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. दोस्त राष्ट्रांच्या पाणबुड्यांनी आणि विमानांनी जपानी जहाजं बुडवली, तसा बेटांवर येणारा तांदूळही आटत गेला. अखेरीस उपासमार आली, आणि ऑगस्ट 1945मध्ये जपान्यांनी शेकडो लोकांना बोटींत घालून हॅवलॉक बेटाजवळ समुद्रात ढकललं. त्यातले बहुतेक बुडाले.

यंग यांच्या शौर्याबद्दलचा माझा आदर याने कमी होत नाही. पण त्यांच्या पुस्तकात किनारा दिसतो तो पेरिस्कोपमधून. त्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांच्या आठवणी मी आता शोधून वाचतो आहे.