विश्लेषण : मॅनहॅटन बेट खरोखरच २४ डॉलरला विकले गेले?

न्यूयॉर्कमधील मॅनहॅटन बेट डचांनी मूळ रहिवाशांकडून अवघ्या २४ डॉलरच्या मण्यांच्या बदल्यात घेतले, ही कथा अमेरिकेत पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. या व्यवहाराला २०२६ मध्ये ४०० वर्षे होत आहेत. पण त्याचा पुरावा काय?

डच तेथे कसे पोहोचले?

आशियाचा जवळचा सागरी मार्ग शोधत हेन्री हडसन १६०९ मध्ये येथे आला. तो डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत होता. मार्ग सापडला नाही, पण बीव्हर या प्राण्याच्या कातड्यांचा व्यापार हाती लागला. युरोपात बीव्हरच्या केसांपासून टोप्या बनत. १६२१ मध्ये डच वेस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली आणि १६२४ पासून ‘न्यू नेदरलँड’ वसाहतीत कुटुंबे येऊ लागली.

पुरावा कोणता?

पीटर शाखन या डच प्रतिनिधीचे ५ नोव्हेंबर १६२६ चे पत्र. अमेरिकेहून आलेल्या जहाजात ७,२४६ बीव्हर कातडी असल्याचे त्यात नमूद आहे. त्याच पत्रात, ६० गिल्डर किमतीला बेट घेतल्याचा एका ओळीचा उल्लेख आहे. विकणारा कोण, मोबदल्यात कोणत्या वस्तू दिल्या, हे त्यात नाही. मण्यांचाही उल्लेख नाही. खरेदीखत उपलब्ध नाही.

मग २४ डॉलर कुठून आले?

एकोणिसाव्या शतकात ६० गिल्डरचे डॉलरमध्ये रूपांतर केले गेले आणि तोच आकडा रूढ झाला.

लेनापेंनी जमीन विकली होती का?

बेटावर लेनापे लोक राहत. जमीन कायमची विकून टाकण्याची युरोपीय कल्पना त्यांच्याकडे नव्हती. भेटवस्तू घेऊन डचांना जमीन वापरू द्यायची, असाच त्यांचा समज असावा, असे अनेक अभ्यासक मानतात.

पुढे काय झाले?

१६६४ मध्ये इंग्रजांनी न लढताच वसाहत घेतली आणि न्यू ॲमस्टरडॅमचे न्यूयॉर्क झाले. १६६७ च्या ब्रेडा तहानंतर ते इंग्रजांकडे, तर सुरिनाम डचांकडे राहिले. लेनापेंना मात्र टप्प्याटप्प्याने पश्चिमेकडे हुसकावण्यात आले. त्यांचे वंशज आज प्रामुख्याने ओक्लाहोमा, विस्कॉन्सिन आणि कॅनडातील ओंटारियोत आहेत.

कथेवर आक्षेप का?

‘स्वस्तातला सौदा’ म्हटले की मूळ रहिवासी भोळे ठरतात आणि जमिनीचा ताबा कायदेशीर वाटू लागतो. प्रत्यक्षात या साऱ्याचा आधार आहे एका पत्रातील एक ओळ, तीही खरेदीदाराच्या बाजूची.