आधी ऊब, मग दूध

उन्हाळ्याच्या तोंडावर ग्वाल्हेरच्या घरोघरी कूलर उघडले जातात, आणि कुठेतरी जाळीमागे खारीचे घरटे निघते. आत बोटाएवढी, डोळे मिटलेली पिले! दयाळू गृहिणी लगेच गाईचे दूध आणते. पण गारठलेल्या पिलास दूध पचत नाही, आणि गाईच्या दुधाने त्यास जुलाब होतात. आम्ही शाळेत मुलांना सांगतो, आधी ऊब. सुती कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली पिलांशेजारी ठेवून खोके तेथेच सावलीत ठेवावे व दूर व्हावे. पुष्कळदा आई येते आणि एकेकास तोंडात धरून दुसऱ्या घरट्यात नेते. (मानवी स्पर्शाने ती पिले टाकते, हा समज निराधार आहे.)

अंधार पडेतो ती न आल्यास कुत्र्याच्या पिलांसाठी मिळणारी दूधपावडर कोमट पाण्यात कालवून, बिनसुईच्या १ मिलिलिटरच्या सिरिंजने थेंबथेंब पाजावी. पिलू पालथे धरावे. उताणे धरल्यास दूध फुप्फुसात जाऊन ते दगावते. रात्रीही दर दोन-तीन तासांनी उठावे लागते. प्रत्येक वेळी ओल्या कापसाने त्याचे ओटीपोट हलके पुसावे. त्यावाचून त्यास लघवी होत नाही. आई हेच चाटून करते.

डोळे उघडून दात आले, की फळांचे बारीक तुकडे द्यावेत. पिंजरा मात्र आणू नये. उघडे खोके झाडाला बांधावे. काही दिवस पिले रात्री निजायला तेथे परततात.