परीक्षकाच्या दोन ओळी, लेखकाचे एक वर्ष

धनंजयराव गाडगीळ यांचा सोलापूर शहराचा सामाजिक-आर्थिक अभ्यास 1965 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यामागे पुण्याच्या गोखले संस्थेची यंत्रणा उभी होती. आज याच शहरातील एखादा अध्यापक तासिका सांभाळून, सुटीच्या दिवसांत साठ यंत्रमागधारकांची माहिती गोळा करतो, तिच्यावर शोधनिबंध लिहितो. काही महिन्यांनी परीक्षकाचा अभिप्राय येतो : नमुना तीनशेंचा हवा, शिवाय भिवंडी-मालेगावशी तुलनाही हवी. सूचना चुकीची नाही. परंतु ती करावयास परीक्षकाला दोन ओळी पुरल्या. अमलात आणावयास लेखकाचे वर्ष जाणार, आणि प्रवासखर्चही त्याच्याच खिशातून!

ज्याचे मोल मागणाऱ्याला मोजावे लागत नाही, त्याची मागणी वाढतच जाते. अर्थशास्त्राच्या अग्रगण्य नियतकालिकांत निबंध प्रसिद्ध होण्यास लागणारा काळ तीन दशकांत अतोनात लांबला व त्यात वाढत्या फेरलेखनाचा वाटा मोठा होता, असे ग्लेन एलिसन यांनी 2002 साली दाखवून दिले.

म्हणून परीक्षणच नको, असे अर्थातच म्हणता येणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2010 च्या नियमावलीने बढतीसाठी शोधनिबंधांना गुण ठरविले आणि पैसे घेऊन वाटेल ते छापणाऱ्या नियतकालिकांचा बाजार फोफावला. 2018 साली आयोगाला आपल्याच यादीतून 4,305 नावे वगळावी लागली. पण वर्षभर अडकून पडलेला अध्यापक याच बाजाराकडे वळतो, हेही तितकेच खरे. इकडे परीक्षकही बहुधा विनामोबदलाच राबतो. त्याच्यावर सारा रोष काढणे अन्यायाचे होईल.

तोल सांभाळावयाचा तो संपादकाने. परीक्षकाचे पत्र जसेच्या तसे पुढे धाडणे, हे संपादन नव्हे. ते काम टपालखाते अधिक चोख करते. 'इकॉनॉमिक इन्क्वायरी' या अमेरिकन नियतकालिकाने 2007 साली लेखकांना एक विकल्प दिला : फेरलेखनाची मागणी नाही, निबंध एकतर स्वीकारला जाईल, नाहीतर नाकारला जाईल. आपल्याकडे हा मार्ग सरसकट चालणार नाही, कारण नवख्या लेखकाला सुधारणेची संधी हवीच असते. तथापि हाती असलेल्या माहितीवर निष्कर्ष टिकतो की नाही, एवढे संपादकाने स्वतः तपासावे. साठ यंत्रमागधारकांवरून साठांपुरतेच विधान केले असेल, तर तीनशेंचा आग्रह कशासाठी? लेखकाने मात्र मग मथळ्यात 'सोलापूरचा यंत्रमाग उद्योग' असे लिहू नये. 'सोलापुरातील साठ यंत्रमागधारक' असेच लिहावे.