गुहेचे ठेंगणे दार आणि पडद्यावरचे जग

परभणीहून जिंतूरकडे जाताना वाटेत झरी लागते. नेमगिरीच्या दर्शनाला निघालेली कितीतरी कुटुंबे याच रस्त्याने पुढे जातात. जिंतूरजवळच्या त्या डोंगरातील गुहांची दारे इतकी ठेंगणी आहेत की यात्रेकरूला वाकूनच आत शिरावे लागते. बाहेरचे लख्ख ऊन मागे राहते, डोळे काही क्षण अंधारात चाचपडतात आणि मग मंद उजेडात भव्य पाषाणमूर्ती हळूहळू दिसू लागते. बोलणारे आपोआप गप्प होतात. त्यांना गप्प करते ती पाटीवरची सूचना नव्हे. ठेंगणे दार, अंधार आणि थंडगार दगड यांनी ती शांतता आधीच घडवून ठेवलेली असते.

त्याच प्रवासात गाडीच्या मागच्या आसनावर एखादा मुलगा मोबाईलच्या खेळात बुडालेला असतो. तीनदा हाक मारूनही त्याला ऐकू जात नाही. ‘त्या खेळात असे आहे तरी काय?’ वडील विचारतात. हा प्रश्न बहुधा रागानेच विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर मिळत नाही. उत्तर मात्र शोधण्यासारखे आहे. कारण ते नेमगिरीच्या दारापासून फार दूर नाही.

पुष्कळांना वाटते की चित्रे जितकी हुबेहूब, तितका खेळ अधिक गुंतवणारा. प्रत्यक्षात तसे नाही. 2012 साली आलेल्या ‘जर्नी’ या अमेरिकी खेळात एक वाळवंट आहे, दूरवर एक डोंगर आहे आणि झगा पांघरलेला एक मूक प्रवासी आहे. संवाद नाहीत. किती गुण झाले, किती शक्ती उरली, याचे आकडे पडद्यावर नाहीत. झेप घेण्याचे बळ किती उरले आहे, ते प्रवाशाच्या गळ्यातील उपरण्यावरच्या चमकत्या खुणांवरून कळते. ऑस्टिन विंटरी यांचे संगीत प्रवाशाच्या चालीबरोबर चढते आणि उतरते. या संगीताला ग्रॅमी पुरस्काराचे नामांकन मिळाले. व्हिडिओ गेमच्या संपूर्ण संगीतसंचाला असा मान पूर्वी मिळालेला नव्हता. विशेष म्हणजे खेळाडूच्या हाती कोणतेही शस्त्र नाही. तरीही तो डोंगर गाठल्याशिवाय चैन पडत नाही. जे झाकून ठेवले आहे, तेच मनाला पुढे ओढते.

दुसरा आधार ध्वनीचा. वाळूवरचे पाऊल आणि दगडावरचे पाऊल वेगळे वाजले पाहिजे. मोठ्या दालनात आवाज घुमला पाहिजे. आणि मधूनमधून काहीच ऐकू येता कामा नये. डोळ्यांना पडद्याची चौकट दिसत असते, कानांना ती दिसत नाही. म्हणूनच कान आधी त्या जगात प्रवेश करतात.

तिसरा आधार विश्वासाचा. त्या जगाचे नियम शेवटपर्यंत तेच राहावे लागतात. जिथे एक लाकडी दार फुटते, तिथे तसेच दुसरे दार विनाकारण अभेद्य निघाले की मन लगेच बाहेर येते. वहीतील एक खोटी नोंद जशी साऱ्या ताळेबंदावरचा भरवसा घालवते, तसेच हे आहे.

हे सारे काम आपल्या पुण्यातही झाले आहे. तेथील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या लहान संस्थेने 2020 मध्ये ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ हा खेळ प्रसिद्ध केला. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघालेल्या राजीची ही कथा. तिचे जग राजस्थानी किल्ले आणि वाड्यांच्या वास्तुशैलीवर आणि पहाडी चित्रकलेच्या रंगांवर उभे आहे. वाटेत भिंतींवरची चित्रे लागतात. राजी त्यांच्यापुढे थांबली की त्यांतील पुराणकथा ऐकू येते. कथेतील काही प्रसंग छायाबाहुल्यांच्या रूपाने उलगडतात. या खेळात युद्धप्रसंग आहेत, हे पालकांनी ध्यानात घ्यावे. परंतु मनात राहतात ते ओसाड प्रांगण, पाण्यावर तरंगणारा उजेड आणि त्या भव्यतेपुढे एवढीशी दिसणारी मुलगी. लोकवर्गणीतून भांडवल उभारण्याचा प्रयत्न फसला, तेव्हा संस्थापकांपैकी श्रुती घोष यांनी आपली सदनिका विकून काम चालू ठेवले. व्यापारी घराण्यांना या जोखमीचे मोल निराळे सांगावे लागणार नाही.

मग प्रत्येक गुंतवणारा खेळ चांगलाच म्हणायचा का? येथेच पालकांचा विवेक हवा. एक खेळ वातावरणाने गुंतवतो; दुसरा आमिषाने. ‘आज आला नाहीस तर बक्षीस हुकेल’ असे बजावणारे, घड्याळ लावून घाई करणारे, पैसे घेऊन नशिबाच्या पेट्या उघडायला लावणारे खेळ मुलाला कोणत्याही जगात नेत नाहीत; ते केवळ त्याची सवय विकत घेतात. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना आळा घालणारा कायदा संसदेने 2025 मध्ये केला; आमिषाच्या इतर साऱ्या रूपांवर लक्ष ठेवण्याचे काम घराचेच आहे. ओळखण्याची खूण सोपी आहे. पहिल्या प्रकारचा खेळ संपला की मूल काय पाहिले ते सांगू लागते. दुसऱ्या प्रकारचा थांबवला की ते चिडते आणि सांगण्याजोगे त्याच्यापाशी काहीच नसते.

खेळातील ही तन्मयता जैन घरांना नवी नाही. कापडावर किंवा कागदावर रंगवलेल्या ज्ञानबाजीच्या पटावर पर्युषणात सोंगट्या सरकत असत. साप खाली ओढत, शिड्या वर नेत आणि माथ्यावर सिद्धशिला असे. ना ध्वनी, ना हलती चित्रे. तरीही सोंगटी घसरली की खेळणाऱ्याच्या काळजात धस्स होई, कारण ती सोंगटी म्हणजे आपलाच जीव आहे हे त्याला ठाऊक असे. तो पट घरातील मोठी माणसे लहानांसह मांडून बसत.

आज पट बदलला आहे. शेजारची जागा मात्र बहुधा रिकामी असते. दुकान बंद करून आल्यावर वडिलांनी अर्धा तास मुलाच्या शेजारी बसावे आणि ‘बंद कर’ म्हणण्याआधी ‘हे कोणते गाव आहे रे?’ एवढे विचारावे. ठेंगण्या दारातून आत जायचे तर मोठ्या माणसालाच अधिक वाकावे लागते.