खेळातला पहारेकरी आणि घरची किल्ली

अनेक घरांत आज एकच संगणक असतो. सकाळी त्यावर मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरला जातो, दुपारी वडील बँकेचा व्यवहार पाहतात आणि संध्याकाळी मुलगा खेळायला बसतो. जातीचा दाखला, आधार कार्ड, गुणपत्रिका, सारे त्याच संगणकात. मुलगा नवा खेळ बसवतो, पडद्यावर परवानगी विचारली जाते आणि तो 'होय' दाबून मोकळा होतो. त्या एका 'होय'ने आपण कोणाला घरात घेतले, याचा विचार पालकांनी कधी केला आहे काय?

इंटरनेटवर अनेकांनी मिळून खेळायच्या खेळांत लबाडीही चालते. कोणी भिंतीपलीकडचा गडी दाखवणारा प्रोग्राम वापरतो, तर कोणी आपोआप नेम धरणारा. त्यांना पकडण्यासाठी कंपन्या 'अँटी-चीट' नावाचा पहारेकरी ठेवतात. प्रामाणिक खेळाडूला तो हवाच असतो. प्रश्न आहे त्याला मिळणाऱ्या अधिकारांचा. संगणकाच्या गाभ्याला 'कर्नल' म्हणतात. साधा प्रोग्राम घराच्या एका खोलीत वावरतो. कर्नलमध्ये शिरलेल्याच्या हाती सर्व खोल्यांची किल्ली असते. २०२० साली आलेल्या 'व्हॅलोरंट' या खेळाचा 'व्हॅनगार्ड' कर्नलमध्ये बसतो आणि संगणक सुरू होताच जागा होतो, मग त्या दिवशी कोणी खेळो वा न खेळो.

किल्ली दुसऱ्याच्या हाती गेली तर?

सप्टेंबर २०१६ मध्ये 'कॅपकॉम' या जपानी कंपनीने 'स्ट्रीट फायटर ५' या खेळासोबत असाच एक भाग संगणकांत उतरवला. त्यात अशी त्रुटी होती की, दुसरा कोणताही प्रोग्राम त्याच्या आधारे थेट गाभ्यात शिरू शकत होता. ओरड होताच कंपनीने तो मागे घेतला.

२०२२ साली तर 'गेन्शिन इम्पॅक्ट' या खेळाचा पहारेकरीच गुन्हेगारांनी उचलला. त्याच्या अधिकारांचा वापर करून त्यांनी संगणकांतील विषाणूरोधक प्रोग्राम बंद पाडले आणि खंडणीखोर सॉफ्टवेअर घुसवले. ज्यांच्या संगणकात तो खेळ कधी नव्हता, तेही यात सापडू शकत होते.

कधी चोर आतलाच निघतो. अमेरिकेत २०१३ साली 'ईएसईए' या खेळसंस्थेच्या सॉफ्टवेअरने हजारो खेळाडूंच्या संगणकांवर त्यांच्या नकळत बिटकॉइन कमावले. न्यू जर्सी राज्याने कारवाई केली आणि दहा लाख डॉलरची तडजोड झाली.

पालकांनी काय करावे?

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. परंतु हा हक्क आपल्याच घरात नकळत सोडून देऊ नये, ही काळजी आपणच घेतली पाहिजे.

मुलांना खेळू नका म्हणून दरडावण्याने काही साधणार नाही. खेळ बसवताना त्यांच्या शेजारी बसा. कर्नलमध्ये शिरणारा अँटी-चीट असल्यास खेळाच्या पानावर तसे लिहावे, असा नियम 'स्टीम' या ऑनलाइन दुकानाने २०२४ पासून केला आहे. ते पान वाचा. शक्यतो अशा संगणकावर बँकेचा व्यवहार करू नका. कागदपत्रांची प्रत पेनड्राइव्हवर वेगळी ठेवा. खेळ काढून टाकल्यावरही पहारेकरी मागे राहू शकतो. प्रोग्रामच्या यादीत शोधून त्यालाही निरोप द्या.

घराची किल्ली आपण अनोळखी माणसाच्या हाती देत नाही. संगणकाची तरी का द्यावी?