नाव न विचारलेला चेहरा

आता हा फोटो बघा. कपाळावर आठ्या, गालाशी टेकलेला हात, तोंड फिरवून खांद्यांना बिलगलेली दोन मुलं, मांडीवर तान्हं बाळ. मार्च 1936, कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथला मटार तोडणाऱ्या मजुरांचा तळ. डोरोथिया लँग तिथे सरकारी कामासाठी फोटो काढत होत्या. बाईंनी आपलं वय सांगितलं, 32. लँग यांनी नाव विचारलंच नाही. पुढे हा फोटो ‘मायग्रंट मदर’, म्हणजे स्थलांतरित आई, म्हणून जगभर गेला.

नाव नव्हतं, म्हणूनच तो महामंदीतल्या कुठल्याही आईचा चेहरा होऊ शकला. पण याची किंमत कोणी मोजली? 1978 मध्ये कळलं, या फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन. त्या चेरोकी, म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी. बघणारे मात्र त्यांना गोऱ्या शेतकरी कुटुंबातल्या समजत आले होते. फोटोतून आपल्याला काहीच मिळालं नाही, ही त्यांची तक्रार होती.

म्हणून पोर्ट्रेट बघताना दोन प्रश्न वेगळे ठेवूया. या चेहऱ्यात मला काय दिसतं? आणि ही व्यक्ती कोण, हे कोणी ठरवलं? दुसऱ्याचं उत्तर चेहऱ्यात सापडत नाही. त्यासाठी फोटोखालची ओळ कोणी लिहिली, तेच बघावं लागतं.